कोणत्या खाण्यापिण्याने अर्धशिशी उठते?

माझ्या बाबतीत पहिला गुन्हेगार खाणं नव्हे, न खाणं! संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपाशी राहिलं की सहाच्या सुमारास डाव्या भुवईवर ठणका सुरू. दुसरा चहा. रोज चार कप पिणाऱ्याने तो एकदम सोडला तर 12 ते 24 तासांत डोकं धरतं. म्हणून दोन-तीन दिवसांनी अर्धा-अर्धा कप कमी करा. रेड वाईन, मुरलेलं चीज, अजिनोमोटो ही नेहमीची नावं, पण सगळ्यांनाच बाधतात असं नाही. चॉकलेटवर तर बऱ्याचदा उगाच आळ येतो, कारण गोड खावंसं वाटणं हीच कधीकधी अटॅकची सुरुवात असते. महिनाभर वहीत खाणं, झोप आणि दुखण्याची वेळ लिहा. अचानक, कधी नव्हे इतकं दुखलं तर मात्र वही ठेवा बाजूला, थेट डॉक्टर गाठा.