कालवं काढल्याने खडकातल्या लहान माशांचं घर मोडतं का?

नागपूरहून मालवणला गेलेल्या तुम्ही विचारलंय की ओहोटीच्या वेळी बायका खडकांवरची कालवं (ऑयस्टर, खडकाला चिकटलेले शिंपल्यातले जीव) काढतात, त्याने तिथल्या छोट्या माशांचं नुकसान होतं का. होतं, पण किती ते काढण्याच्या पद्धतीवर ठरतं.

आपल्या नागपूरजवळच्या कन्हान नदीतल्या शिंपल्या वाळूत, गाळात सुट्या असतात. कालवाचा खालचा शिंपला मात्र खडकाला कायमचा चिकटतो. त्यावर पुढची पिढी चढते, थर वाढतो आणि आत फटी तयार होतात. गोबी, ब्लेनी असे बोटभर मासे तिथेच लपतात. कालव मेलं आणि दोन्ही शिंपले जोडलेले राहिले, की या माशांतल्या काही जातींचा नर आतली बाजू साफ करतो, मादी तिथे अंडी चिकटवते आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत नर राखण करतो. म्हणून रिकामं कवच हा कचरा नाही, ती माशांची अंडी घालायची जागा आहे.

जागच्या जागी वरचा शिंपला उघडून मांस काढलं, तर खालचा खडकावर उरतो. कालवाचं पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगून मग कठीण जागी बसतं, आणि जुना शिंपला त्याला फार मानवतो. छिन्नीने अख्खा गड्डा उखडला तर फटी, अंडी आणि पुढच्या कालवांची जागा, सगळं एकदम जातं.

यांत्रिक फाळाने खरवडणं त्याहून वाईट. अमेरिकेतल्या न्यूस नदीच्या मुखाशी त्यामुळे कालवांचे ढीग ठेंगणे झाले. उन्हाळ्यात तिथे तळाच्या पाण्यात ऑक्सिजन संपतो. उंच ढिगाचा माथा वाचतो, ठेंगणा ढीग पुरता गुदमरतो. भूमध्य समुद्रात खजुराच्या आकाराचा एक शिंपला खडकाच्या आत राहतो. तो काढायला खडकच फोडावा लागतो आणि ५ सेंटिमीटर व्हायला त्याला १५ ते ३५ वर्षं लागतात. युरोपीय संघाने २००६ साली त्यावर बंदी घातली, ती योग्यच आहे.

तुम्ही स्वतः खडकांत उतरलात तर दगड उलटू नका. खालच्या बाजूला चिकटलेली अंडी उन्हात लगेच सुकतात. चुकून उलटलाच, तर त्याच जागी, तीच बाजू खाली करून ठेवा. प्रवाळाला हात लावू नका, त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. आणि रिकामे शिंपले नागपूरला आणू नका, विशेषतः जोडलेले.