‘बीजी नेचे’: नेच्याला बी कुठून आले?

प्रश्न असा आहे: ‘नेच्याला बी नसते, असे शाळेत शिकलो. मग सीड फर्नसाठी ‘बीजी नेचे’ हा शब्द म्हणजे वदतोव्याघातच नाही का? त्याऐवजी ‘बीजधारी वनस्पती’ म्हणावे का?’

विसंगती आहे खरी, पण मी ती ठेवीन. नेच्यासारखी पाने पण बी धरणाऱ्या त्या नामशेष वनस्पती कशा उमगल्या, हेच तिच्यात साठले आहे.

पावसाळ्यात विहिरीच्या भिंतीवर उगवलेल्या नेच्याचे पान उलटून बघा. मागे तपकिरी ठिपक्यांच्या रांगा असतात. त्या बिया नव्हेत. तिथे बीजुके, म्हणजे नेच्याची पुढची पिढी घडवणारे सूक्ष्म कण, तयार होतात. युरोपातल्या दगडी कोळशाच्या थरांत अशीच पिसांसारखी पाने ढिगांनी मिळत, म्हणून त्यांना नेचेच समजत. पण कित्येक पानांमागे ते ठिपके काही सापडेनात. बिया मिळत त्या सुट्या. १९०३ मध्ये ऑलिव्हर आणि स्कॉट या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांनी अशाच एका बीची गाठ तिच्या झाडाशी घालून दिली. बीच्या वेष्टनावर गोल डोक्याच्या बारीक ग्रंथी होत्या आणि आज लिजिनोप्टेरिस म्हणतात त्या वनस्पतीच्या खोडा-पानांवरही हुबेहूब तशाच. बी आणि पान एकाच झाडाचे ठरले ते या खुणेवरून. मला हा पुरावा फार देखणा वाटतो.

म्हणजे ‘नेचे’ हे नाव पानाच्या रूपावरून पडले, कुळावरून नव्हे. मराठीला हे नवे नाही. देवमासा मासा नाही, खवले मांजर मांजर नाही. तरी दोन्ही शब्द चोख आहेत. उलट ‘बीजधारी वनस्पती’ म्हटले, तर त्यात आंबाही येतो!

ग्लॉसोप्टेरिस या जीवाश्मरूपात मिळणाऱ्या वनस्पतीचेही असेच. ग्रीकमध्ये ‘ग्लॉसा’ म्हणजे जीभ, ‘टेरिस’ म्हणजे नेचे. १८२८ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ब्राँन्यार यांनी हे नाव दिले ते पान बघून: जिभेसारखा आकार, मधोमध ठसठशीत शीर, दोन्ही बाजूंना शिरांची जाळी. नागपूरजवळ कामठीच्या खडकांतही ही पाने मिळतात. पानांना जोडलेले प्रजननभाग दक्षिण आफ्रिकेतल्या वनस्पती-जीवाश्मांच्या अभ्यासक एडना प्लमस्टेड यांनी १९५२ मध्ये वर्णिले. व्यापक अर्थाने ग्लॉसोप्टेरिसही बीजी नेच्यांतच धरतात.

लिहिताना ‘बीजी नेचे’, ‘बीजी नेच्यांची पाने’ असे लिहावे. ‘बीजी’ मात्र गाळू नये. नुसते ‘नेचे’ लिहिले, तर वाचणारा विहिरीच्या भिंतीवरचेच समजेल.