'रोल'ला भूमिका म्हणा, 'सबमेथड'ला उपपद्धत नको

राकू या प्रोग्रामिंग भाषेवर मराठीत टिपणं काढताना 'रोल'ला 'भूमिका' आणि 'सबमेथड'ला 'उपपद्धत' म्हटलं तर चालेल का, असा प्रश्न आला आहे. पहिला शब्द बेलाशक घ्या. दुसरा अजिबात घेऊ नका.

भूमिका चपखल बसते ती तिच्या क्रियापदामुळे. राकूत (२०१९पर्यंत हिचं नाव पर्ल ६ होतं) क्लासची, म्हणजे ऑब्जेक्ट ज्यावरून घडतात त्या साच्याची, नाती दोन शब्दांनी सांगतात, 'इज' आणि 'डज'. समजा लिहिलं: क्लास कीर्तनकार इज माणूस डज गायक डज वक्ता. म्हणजे कीर्तनकार माणूस आहे, आणि तो गायकाची नि वक्त्याची भूमिका करतो. इथे माणूस हा पालक-क्लास; गायक नि वक्ता हे रोल, म्हणजे क्लासला जोडायचे मेथडचे (ऑब्जेक्टला सांगायच्या कामांचे) संच. 'आहे' आणि 'करतो' हा फरक मराठीत आयताच मिळतो. म्हणूनच 'कीर्तनकाराने गायक या रोलचा वारसा घेतला' असं वाक्य मला फार खटकतं. वारसा 'इज'मधून येतो. भूमिका घ्यायची असते, वठवायची असते. राकूत तर प्रोग्राम चालू असताना एखाद्या सुट्या ऑब्जेक्टलाही ती देता येते.

आणि फरक नुसता बोलण्यातला नाही. गायक आणि वक्ता या दोन्ही रोलमध्ये 'सुरुवात' नावाची मेथड आहे, कीर्तनकारात मात्र नाही, अशा वेळी प्रोग्राम चालण्याआधी तो तपासणारा कंपायलर तिथेच अडतो: हे नाव दोन रोलमध्ये आहे, काय ते क्लासने ठरवावं. कीर्तनकाराची स्वतःची 'सुरुवात' लिहिली की प्रश्न मिटतो. हेच दोघे 'इज'ने जोडलेले पालक-क्लास असते तर कोणी विचारलंही नसतं. ठरलेल्या क्रमात जी मेथड आधी सापडेल ती मुकाट्याने चालली असती. (दोन्हीकडे 'मल्टी', म्हणजे एका नावाच्या अनेक मेथड चालतील अशी खूण, लावून पॅरामीटर, म्हणजे मेथडला द्यायची मूल्यं, वेगळे ठेवले, तर रोलमधल्या दोन्ही मेथड एकत्र नांदतात.)

आता सबमेथड. यातला 'सब' हा उपविभागातला 'उप' नव्हे. तो सबरूटीनमधला (सुट्या फंक्शनमधला) सब आहे: हाक मारायची मेथडसारखीच, पण सबरूटीनप्रमाणेच तीही वारशाने खालच्या क्लासकडे जात नाही. 'उपपद्धत' वाचणाऱ्याला वाटेल, एखाद्या मोठ्या पद्धतीच्या पोटातली ही लहान पद्धत असावी. तसं काहीच नाही. ऑब्जेक्ट घडवताना 'बिल्ड' आणि 'ट्वीक' या मेथड सहसा सबमेथड म्हणून लिहितात, आणि कारण पक्कं आहे. ऑब्जेक्ट तयार होताना आधी माणूसचं 'बिल्ड' चालतं, मग कीर्तनकाराचं. माणूसचं 'बिल्ड' वारशाने खाली उतरलं असतं आणि कीर्तनकाराला स्वतःचं नसतं, तर तेच काम दोनदा झालं असतं.

तेव्हा टिपणात पहिल्यांदा 'सबमेथड, म्हणजे त्या क्लासपुरतीच राहणारी मेथड' असं लिहा आणि पुढे सरळ सबमेथडच वापरा. 'मेथड'चीही 'पद्धत' करू नका. पद्धत म्हणजे रीत. मेथडला आपण हाक मारतो, तिला पॅरामीटर देतो, तिच्याकडून उत्तर घेतो. 'या पद्धतीला दोन पॅरामीटर द्या' असं कोणी प्रोग्रामर बोलताना म्हणत नाही.