‘>’ लावूनही उपमेनूला लाल रंग का लागतो?

तुमचा सिलेक्टर, म्हणजे पानातले कोणते घटक निवडायचे ते सांगणारा भाग, बरोबर आहे. ‘.मेनू > .नोंद’ लिहून फक्त वरच्या नोंदी लाल करायच्या होत्या, पण उपमेनूही लाल झाला, म्हणून ‘>’ आणि नुसत्या स्पेसमध्ये फरक तो काय, असं तुम्ही विचारलंय. (क्लासची नावं मी मुद्दाम देवनागरीत लिहितोय. फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात असेल तर सीएसएसला, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेला, ती बिनदिक्कत चालतात.)

फरक आहेच. स्पेस १९९६ च्या पहिल्या सीएसएसपासून आहे आणि ती नातवंडं-पतवंडं सगळ्यांना गाठते. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत आलेला ‘>’ फक्त पोटच्या मुलांना, म्हणजे थेट आत असलेल्या घटकांना, निवडतो. तुमच्याकडेही त्याने तेवढंच केलं. पुढे रंग खाली गेला तो वारशाने! टेक्स्टचा रंग, फॉन्ट, ओळींमधलं अंतर हे गुण बापाकडून मुलाकडे आपोआप जातात. बॉर्डर, मार्जिन, पॅडिंग जात नाहीत. ब्राउझरमध्येच बग आहे अशी खात्री बाळगून मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

पडताळून बघा. रंगाऐवजी तात्पुरती बॉर्डर द्या. आतल्या नोंदींना स्वतःची चौकट येणार नाही, म्हणजे त्या निवडल्या गेलेल्याच नव्हत्या. उपाय दोन: उपमेनूला त्याचा स्वतःचा रंग सांगा, किंवा नोंदीचं नाव एका स्पॅनमध्ये (मजकुराच्या तुकड्याभोवतीच्या टॅगमध्ये) ठेवून ‘.मेनू > .नोंद > .नाव’ला रंग द्या. मी दुसरा वापरतो, कारण पहिल्यात वरचं काही बदललं की खालचंही आठवणीने तपासावं लागतं. बॅकग्राउंडच्या बाबतीत मात्र सावध राहा. ते वारशाने जात नाही, पण आतला घटक मुळात पारदर्शक असल्यामुळे बापाचंच मागून दिसतं आणि पुन्हा तीच फसगत होते.

आता ‘+’ आणि ‘~’. दोन्ही भावंडांसाठी, आणि तीही धाकट्याच. ‘.शीर्षक + .परिच्छेद’ म्हणजे शीर्षकाच्या लगेच पाठचा परिच्छेद. मध्ये एखादं चित्र घुसलं की नातं तुटलं. ‘~’ ला मध्ये कोण आहे याच्याशी देणंघेणं नाही, पुढचे सगळे जुळणारे परिच्छेद तो घेतो. भावंडं सख्खी, म्हणजे थेट एकाच घटकाच्या आत हवीत, चुलत चालत नाहीत. चेकबॉक्सवर टिक केली की खालचा मजकूर उघडावा असं करताना बहुतेकांचं इथेच अडतं: चेकबॉक्स एका डिव्हमध्ये (घटक एकत्र ठेवणाऱ्या डब्यात), मजकूर बाहेर, आणि मग ‘~’ कितीही लावा, काही हलत नाही.

मुलावरून बापाला किंवा धाकट्यावरून थोरल्याला निवडायची सोय कॉम्बिनेटरमध्ये, म्हणजे स्पेस, ‘>’, ‘+’, ‘~’ या जोडचिन्हांमध्ये, नाही. त्यासाठी आता ‘हॅज’ हा स्यूडो-क्लास, म्हणजे सिलेक्टरला जोडायची अट, आहे. सफारी आणि क्रोममध्ये तो २०२२ साली आला, फायरफॉक्समध्ये डिसेंबर २०२३ मध्ये. ज्याच्या पोटात टिक केलेला चेकबॉक्स आहे तो डिव्ह त्याने पकडता येतो, आणि त्याच्यापुढे ‘~’ लावला की डिव्हबाहेरचा तो मजकूरही हाती लागतो.

एवढं करूनही रंग हट्टाने चुकत असेल तर फाइलमध्ये खाली कुठे ‘.मेनू .नोंद’ असा जुना नियम पडलाय का बघा. ‘>’ मुळे नियमाचं वजन वाढत नाही. दोघे तुल्यबळ, त्यामुळे जो नंतर लिहिलेला असेल तोच लागू होतो.