वाचक विचारतात : तीन पिढ्यांत सगळं संपतं का?

प्रश्न : आजोबांनी तांबट आळीत भट्टी लावली, वडिलांनी दुकान वाढवलं, मी नोकरी धरली आणि मुलगा परदेशी गेला. हातोडे माळ्यावर पडून आहेत. राज्यांचं आणि संस्कृतींचंही असंच होतं का?
– एक वाचक, जुने नाशिक

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. माळ्यावरचे हातोडे काही डोळ्यांपुढून हलेनात.

राजघराण्यांपुरतं तुमचं म्हणणं बरंचसं खरं आहे. चौदाव्या शतकात ट्युनिसला जन्मलेल्या इब्न खल्दूननं हेच सांगितलं होतं : पहिली पिढी कष्टानं मिळवते, दुसरी तिच्याजवळ बसून शिकते, तिसरी नुसती नक्कल करते आणि चौथीला वाटतं, हे आपल्याला जन्मानंच मिळालंय. आपले पेशवेच घ्या. १७१३ साली बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रं मिळाली. १८१८ साली राज्य गेलं ते त्यांच्या पणतूच्या, दुसऱ्या बाजीरावाच्या हातून. मधले, म्हणजे या बाजीरावाचे वडील, रघुनाथराव, आपल्या आनंदवल्लीचे. १०५ वर्षं. अर्थात घरातली भांडणं, कर्जं आणि इंग्रजांची कवायती फौज सोडून नुसत्या पिढ्या मोजल्या तर हाती काही लागत नाही.

संस्कृतीला मात्र हे माप लावू नका. मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि दर हिवाळ्यात मुलांना नाशिकच्या पांडवलेण्यावर, बौद्ध भिक्षूंच्या कोरीव लेण्यांत, नेलं. दहा क्रमांकाच्या लेण्यात शकांच्या क्षहरात घराण्यातल्या राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानं गोवर्धनच्या, म्हणजे गंगापूर रस्त्यावरच्या आपल्या गोवर्धनच्या, विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले. २,००० दरमहा शेकडा एक व्याजानं, १,००० पाऊण टक्क्यानं. मुद्दल परत मागायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. मी मुलांना तिथेच हिशेब करायला लावायचो : २,००० चं वर्षाचं व्याज २४०, आणि लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना कापडासाठी प्रत्येकी १२. बरोबर जुळतं! हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं आणि फलकावर नोंदवलं, असंही तिथे कोरलंय.

पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पाडाव केला. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर सातकर्णीनं स्वतःचा छाप मारलेला. राजाच्या चेहऱ्यावरच सातवाहनांचं तीन कमानींच्या टेकडीचं चिन्ह. तीन क्रमांकाच्या लेण्यात त्याची आई गौतमी बलश्री अभिमानानं सांगते, ‘खखरातवसनिरवसेसकर’, क्षहरातांचा वंश निःशेष करणारा.

मग सातवाहनही गेले, आभीर आले. आणि त्याच दहाव्या लेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या एका उपासिकेनं आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी गोवर्धनच्याच श्रेणींकडे कायमची ठेव ठेवली. त्यांत कुंभार होते, तेली होते, पाण्याची यंत्रं चालवणारे होते. ही विष्णुदत्ता जातीनं शक, म्हणजे नहपानाच्याच लोकांतली. सातकर्णीला त्याच्या आईनं शकांचा संहार करणारा म्हटलं होतं, त्यानंतर कितीतरी वर्षांनी! ती इथेच राहिली होती, आणि कुंभार-तेली आपला पैसा बुडवणार नाहीत, याची तिला खात्री होती. हा लेख वाचून दाखवताना माझा आवाज दरवर्षी कापायचा.

त्या श्रेणीही आज नाहीत, हे खरं. पण तीन राजवटी उलटल्या तरी गोवर्धनात ठेवी घेणं आणि व्याज देणं चालू होतं, कारण चाकावर आणि घाण्यावर कोणी ना कोणी शिकत होतं. तेव्हा तुमच्या घरातून धंदा गेला म्हणून तो आळीतून गेला असं धरू नका. मुलगा सुट्टीत आला की हातोडे माळ्यावरून काढा. भांडं मठारणारा माणूस आळीत अजून भेटला, तर त्याच्या हातात ते देऊन पाहा, आणि मुलाला शेजारी बसवा.