झोप नाही, आणि आता विसरायलाही लागले

"ताई, वय ४७, साताऱ्यात एका पतसंस्थेत कॅशियर आहे. सासूबाईंच्या आजारपणात रात्र रात्र जागले, त्या जाऊन दोन वर्षं झाली पण माझी झोप काही परत आली नाही. साडेनऊला अंथरूण धरते, एक वाजेपर्यंत कुशी बदलत असते, चारला परत टक्क जागी. दिवसा कॅश जुळत नाही, रोजच्या खातेदारांची नावं आठवत नाहीत, परवा गॅसवर दूध ठेवून अंगण झाडायला गेले. माझ्या आईला म्हातारपणी स्मृतिभ्रंश झाला होता, मलाही तेच होतंय का? मेडिकलमधून झोपेसाठी अल्प्राझोलामची गोळी आणते, आधी अर्धी पुरायची आता एक लागते. मिस्टर म्हणतात डोक्यातले विचार काढून टाक. कधीकधी वाटतं एकदाच काय ते झोपावं, उठूच नये."

अगं, ताई म्हणालीस ना, मग मी अगं-तुगंच करते.

तू सगळ्यात शेवटी, जाताजाता टाकल्यासारखी जी ओळ लिहिलीस ना, मी आधी तिथंच येते. "उठूच नये" हे नुसतं थकून वाटतंय की खरंच मरून जावंसं वाटतं? दुसरं असेल, किंवा तुझं तुलाच नक्की सांगता येत नसेल, तर आजच्या आज घरात कुणाला तरी हे स्पष्ट शब्दांत सांग, गोळ्यांची स्ट्रिप मिस्टरांच्या ताब्यात दे आणि १४४१६ ला फोन लाव. हा टेली-मानसचा नंबर, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. पहाटे चारला तू एकटी जागी असतेस तेव्हाही तिकडे कुणीतरी फोन उचलतं. आणि डॉक्टरांसमोर ही ओळ गिळू नकोस, बायका हमखास गिळतात, "जरा झोप लागत नाही" एवढंच सांगून बाहेर येतात.

आता आईचं. तपासल्याशिवाय खात्रीने कुणीच सांगू शकणार नाही, मी तर नाहीच नाही, पण तू जे लिहिलंयस ते मला स्मृतिभ्रंशापेक्षा न झोपलेल्या डोक्याचं जास्त वाटतं. काय विसरलं, कधी विसरलं, हे सगळं तुला नीट आठवतंय बघ. दोन-दोन वर्षं अर्धवट झोप झाली की पहिलं जातं ते लक्ष, आणि लक्षच नसेल तर गोष्ट डोक्यात शिरतच नाही, तुमच्याकडे पैसे घेतले पण खात्यात एंट्रीच मारली नाही तर नंतर बॅलन्समध्ये कुठून दिसणार, तसलाच प्रकार. शिवाय दिवसभरात जे शिकलो-ऐकलो ते पक्कं बसवायचं बरंचसं काम रात्री होतं, गाढ झोपेत, आणि तुझी तर झोपच मोडकीतोडकी. म्हणून नावं निसटतात. त्यात भर म्हणजे "आईसारखं झालं" ही धास्ती, ती आणखी झोप उडवते.

आणि आता त्या गोळीवर ये. अल्प्राझोलाम चिठ्ठीशिवाय द्यायची परवानगीच नाही, दुकानदाराने रजिस्टरमध्ये नोंद ठेवायची असते, तरी ओळखीने मिळते हे मला माहितीये. त्या जातीच्या गोळ्यांनी स्मरणशक्तीवरच परिणाम होतो. म्हणजे ज्याला तू घाबरतेस त्यातलं थोडं तू स्वतःच विकत आणत असशील! अर्धीची एक झाली म्हणजे शरीराला सवय लागली. पण हे वाचून आज रात्री एकदम बंद करू नकोस हां, एकदम सोडलं तर झोप पार उडते, घाबरल्यासारखं होतं, क्वचित फिटसुद्धा येते. डॉक्टर आठवड्या-आठवड्याने कमी करत आणतात, तसंच करायचं.

आठवड्यातून तीन रात्री, तीन महिन्यांच्या वर असं चाललं की डॉक्टर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात, तू तर ती हद्द कधीच ओलांडलीस. त्यावर पहिला इलाज गोळी नाहीये. अमेरिकेतल्या फिजिशियन लोकांच्या संघटनेने २०१६ मध्येच लिहून ठेवलंय की आधी सीबीटी-आय करा, म्हणजे झोपेसाठीची वर्तणूक उपचार पद्धत. त्यातली मुख्य गोष्ट ऐकून तू मला वेड्यात काढशील: अंथरुणात कमी वेळ घालव. सहाला उठत असशील तर साडेनऊ ते सहा म्हणजे साडेआठ तास पडून राहायचं आणि झोप लागते एक ते चार, जेमतेम तीन तास, उरलेले तास गादी म्हणजे काळजी करायची जागा असं डोकं शिकत जातं. सासूबाईंचं दुखणं हे कारण सुरुवातीचं, आता दोन वर्षांनी हे पडून राहणंच झोप लागू देत नाहीये. म्हणून उठायची वेळ पक्की, सहा म्हणजे सहा, रविवारीसुद्धा, आणि झोपायला जायचं बारा-साडेबाराला, खरंच डोळे मिटायला लागले की. झोप नाही लागली तर उठून दुसऱ्या खोलीत बस, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं कर, परत पेंग आली की ये. घड्याळ खोलीतून बाहेर. झोप भरायला लागली की हळूहळू लवकर जायचं. पहिले एक-दोन आठवडे दिवसा भयंकर झोप येईल, तेव्हा गाडी चालवू नकोस, आणि तुझी गोळी चालू आहे, मनःस्थितीही अशी, म्हणून हे मानसोपचारतज्ज्ञांना दाखवून, त्यांच्या देखरेखीखालीच सुरू कर. फिट येण्याचा किंवा बायपोलरचा, म्हणजे मन कधी खूप उधाणतं कधी पार खचतं तसला, त्रास असेल तर आधी सांगायलाच हवं.

संध्याकाळी कॅश क्लोज करताना चहा घेतेस का? साडेपाचच्या चहातलं साधारण निम्मं कॅफिन साडेदहालाही अंगात असतं.

डॉक्टरांना थायरॉइड, हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे अंगातला लोहाचा साठा, आणि बी१२ बघायला सांग. बी१२ कमी असलं तरी विसरायला होतं, शाकाहारी असशील तर नक्कीच बघ. या वयात पाळी पुढंमागं होते, रात्री घामाघूम होऊन जाग येते, तसं असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे वेगळा उपाय आहे. पडल्यावर पायात वळवळल्यासारखं होतं का, घोरतेस का, हेही सांग. घोरण्याबद्दल मिस्टरांना विचार, ते जास्त खरं सांगतील.

मिस्टरांना हे पण वाचून दाखव: काढून टाक म्हटल्यावर विचार निघाले असते तर तिने दोन वर्षं कशाला काढली असती? निद्रानाश असणाऱ्यांना पुढे डिप्रेशन येण्याचा धोका जवळपास दुप्पट असतो, तेव्हा हे नखरे नाहीत, आणि पहिल्या भेटीला त्यांनी सोबत जायचं, बाहेर गाडीवर थांबायचं नाही, आत बसायचं.

आणि मॅनेजरांना सांगून काही आठवडे कॅशऐवजी दुसरं टेबल माग. कारण विचारलं तर तब्येत म्हण, बास. तूट पदरची भरत राहिलीस तर महिनाअखेरीची आणखी एक काळजी उशाशी येईल.