हॉटेलातली नोकरी सोडून विमानतळावर नोकरी करायचीय?
फ्रंट ऑफिसचा अनुभव वाया जाणार नाही, घाबरू नकोस. चिडलेल्या गेस्टला शांत करता येतं ना? मग चेक-इन काउंटर जमेल. फक्त हॉटेलात अपग्रेड देऊन वेळ मारून नेता येते. इथे गेट बंद झालं की झालं.

अमेडिअस किंवा गॅलिलिओ ही तिकीट बुकिंगची सॉफ्टवेअरं, त्यातलं एक शीक, विमानतळांचे कोड पाठ कर. गोव्याचंच बघ: दाबोळी जीओआय, मोपा जीओएक्स. तिकीट मोपाचं आणि प्रवासी दाबोळीला पोचला, तर त्याची बोलणी तूच खाणार! विमानतळाच्या पाससाठी पोलीस पडताळणी होते, तेव्हा सगळ्या कागदपत्रांवर नाव सारखं आहे ना, आत्ताच बघून घे. नोकरी लावतो म्हणून कुणी डिपॉझिट मागितलं, तर सरळ फोन ठेव.

नाइट शिफ्ट तुला नवी नाही. हॉटेलातलं फुकटचं स्टाफ-जेवण मात्र विसर, डबा लागेल.